बत्तीस पावलांची रेघ

त्या वर्षी उन्हाळ्याच्या तोंडाला बिडाचा जुना पाइप एका आठवड्यात चार ठिकाणी फुटला आणि पाइप म्हातारा झालाय हे गावाच्या लक्षात आलं. चावीकाकांच्या ते दहा वर्षांपूर्वीच लक्षात आलं होतं. पण त्यांचं स्वतःचंही त्याच दिशेनं चाललेलं असल्यामुळे ते पाइपाबद्दल वाईट बोलत नसत.

गावाला पाणी सोडायचं काम तीस वर्षं त्यांच्याकडे होतं. कमरेइतकी लांब लोखंडी चावी खांद्यावर टाकून ते पहाटे निघत. रस्त्यातल्या खड्ड्याचं झाकण उचलायचं, चावी आत सोडायची, पाव फेरा द्यायचा आणि थांबायचं. आतली हवा फुसफुसत निघून गेली की आणखी पाव फेरा. घाई केली की पाइप अंग झटकतो आणि कुठला तरी जोड निसटतो. पाइप असो नाहीतर सासरा, आधी आतली हवा जाऊ द्यावी, असं त्यांचे उस्ताद सांगून गेले होते.

उस्तादांनी आणखी एक वस्तू मागं ठेवली होती. छातीएवढ्या उंचीची शिसवी काठी. तिचं एक टोक जमिनीवर टेकवायचं, दुसरं कानाला लावायचं आणि डोळे मिटायचे. पाणी कुठं गळतंय, कुठं अडतंय, कुठं गुपचूप वळतंय, सगळं काठी सांगायची. गावात समितीनं दिलेले नळ एकशे बारा. काठी म्हणायची, एकशे त्रेपन्न.

पहिला चोरनळ सापडला तेव्हा काका नवे होते. धापा टाकत जाऊन त्यांनी पाणी समितीच्या तेव्हाच्या अध्यक्षांना सांगितलं. अध्यक्षांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "कान तपासून घे." नळ त्यांच्याच गोठ्यात होता. काकांनी कान काही तपासले नाहीत. तोंड मात्र तपासून उघडायला शिकले. पुढं चाळीस चोरनळ ऐकले, चाळीसही पोटात ठेवले. आता त्या अध्यक्षांचा मुलगा अध्यक्ष होता. गोठा तोच होता.

चावीकाकांच्या स्वतःच्या घरी मात्र नळ नव्हता. पन्नास वर्षांपूर्वी पाइप टाकत टाकत गडी उताराच्या गल्लीत आले, तिथं पाइप संपले. शेवटच्या पाइपाला त्यांनी एक नळ बसवला आणि निघून गेले. त्याला टोकाचा नळ म्हणत. तिथून काकांचं दार बत्तीस पावलं. मोजणारी काकू. सकाळी सहा खेपा, संध्याकाळी चार. तिचा उजवा खांदा डाव्यापेक्षा दोन बोटं खाली आला होता, आणि डाव्या गुडघ्यातून चढावर सुपारी फोडल्यासारखा आवाज यायचा.

"वाढपी घरचा असला तर पंगतीच्या शेवटी बसलं तरी पोट भरतं म्हणतात," ती म्हणायची. "आमच्याकडं वाढपी घरचा, पण पानच मांडलेलं नाही."

"वाढप्यानं आधी आपल्या पानात वाढून घ्यायचं नसतं," काका उस्तादांचं वाक्य सांगत.

"आधी कोण म्हणतंय? तीस वर्षं झाली. पंगत हात धुऊन घरी गेली."

यंदा गुडघा बसला तो बसलाच. हंडा सुनेकडे आला. मुलगा ट्रकवर, महिन्यातून दोनदा घरी. सुनेला सातवा महिना. हंडा कमरेवर घ्यायला जागा उरली नव्हती, म्हणून ती तो डोक्यावर घ्यायची आणि मान ताठ ठेवून, पायाखालचं न बघता उतार उतरायची. काकू दारात बसून मनातल्या मनात पावलं मोजायची. बत्तीस झाली की श्वास सोडायची.

पाइप बदलायची योजना मंजूर झाली तशी काकू पहिल्यांदा हसली. "बाळंतपणाच्या आत दारात नळ," ती म्हणाली. "त्यापलीकडं मला काही नको."

काका म्हणाले, "बघू."

योजनेचे साहेब आले ते वयानं लहान आणि बोलायला गोड होते. टोपी घालून आले, नकाशा घेऊन आले. नकाशात पाइप शाळेच्या वर्गातून आणि एका म्हशीच्या गव्हाणीखालून जात होता.

"काका, हे बरोबर आहे का?" साहेबांनी विचारलं.

"कागद चांगला आहे," काका म्हणाले.

साहेब हुशार होते, समजले. त्यांनी नकाशाची घडी घातली आणि काकांच्या हातात पांढऱ्या फक्कीची गोणी दिली. "तुम्ही चाला आणि पाइप आहे तिथं रेघ मारा. गडी तुमच्या रेघेवर खणतील. जुना काढायचा, नवा काळा पाइप टाकायचा."

"आणि जिथं जुना नाही तिथं?"

"तिथं काही नाही. ही बदली योजना आहे काका. जुनं असेल तिथं नवं. नसेल तिथं बदलणार काय?"

काका गोणीची सुतळी सोडत होते. ती सोडायला त्यांना जरा वेळ लागला.

"टोकाच्या नळाच्या पुढं एक घर आहे," ते म्हणाले.

"कोणाचं?"

काकांनी सांगितलं असतं तर गोष्ट इथंच निराळी झाली असती. पण तीस वर्षांची सवय. "आहे एकाचं," ते म्हणाले.

"पुढच्या योजनेत बघू," साहेब म्हणाले. "आणि एक. रेघ मारली आणि खाली पाइप निघाला नाही, तर खणल्याचं मला वर उत्तर द्यावं लागतं. तुमचा शब्द म्हणून मी डोळे मिटून खणतोय."

पहिल्या दिवशी काका फक्की सोडत निघाले. मुठीतून सरळ, एका जाडीची रेघ पडत होती. मध्येच थांबायचे, काठी टेकवायचे, ऐकायचे, पुढं सरकायचे. रेघेला जिथं फाटा फुटायचा तिथं समोरचं दार आपोआप उघडायचं.

शिंपी कात्री हातात घेऊनच बाहेर आला. "काका, या बाजूला नका बरं वळू. भिंतीखाली काही नाही."

"नाहीच," काका म्हणाले. "फक्त वाहतंय."

"हळू बोला हो. पोरीला बघायला पाहुणे यायचेत. चोराचं घर म्हणतील."

मास्तरांनी घरात बोलावून पाट दिला. त्यांच्या न्हाणीतला नळ बारा वर्षांचा होता. "मी प्रामाणिकपणावर तास घेतो," ते खाली बघत म्हणाले. "तुमच्या लक्षात असेल."

संध्याकाळपर्यंत काकांनी सतरा जणांना 'नाही मारत' असं सांगितलं आणि साहेबांना खरं सांगून टाकलं. रेघ मारायची तर सगळी मारायची, नाहीतर जुना फाटा जमिनीत राहील आणि नव्याचं पाणी पिईल. नावं घेतली नाहीत. साहेबांनी डोकं खाजवलं, फोन केला, बराच वेळ 'हो सर' म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेबांनी चौकात सांगितलं, "जे आहे ते आहे. चोरनळाखाली पाइप सापडला तर तोही जुना धरू. बदलून देऊ. नळ कायम करू. दंड नाही. नाहीतर तुम्ही नवा पाइप फोडून परत घेणारच."

मग शिंपी पुढं आला आणि छाती काढून म्हणाला, "आमचा पंधरा वर्षांचा आहे!"

"आमच्या वडिलांनी चोरलेला," पिठाच्या गिरणीवाली मागून ओरडली. "सगळ्यांच्या आधी!"

"आधी कसा? आमचा गोठ्यातला त्याच्याही आधीचा," अध्यक्ष म्हणाले. "शिवाय परसात दुसरा आहे. काका साक्षीला आहेत. काय काका?"

काकांनी मान हलवली. तीस वर्षांनी त्यांचे कान बरोबर असल्याचं समितीनं मान्य केलं होतं.

त्या दिवशी काकांचा मान असा काही वाढला की विचारू नका. लोक हाताला धरून न्हाणीपर्यंत नेत होते. मास्तर स्वतः फक्कीची गोणी धरून मागं चालत होते, आणि त्यांच्या फाट्याची रेघ जरा बारीक पडली म्हणून त्यांनी तिच्यावरून दुसरी मारून घेतली. गल्लीतल्या एका म्हाताऱ्यानं कधीच काही चोरलं नव्हतं. तो ओट्यावर बसून सगळ्यांना शिव्या घालत होता. कोणाला घालतोय हे त्याचं त्यालाही ठरवता येत नव्हतं.

घरी काकूनं भाकरी पुढं ठेवली आणि विचारलं, "म्हणजे ज्यानं चोरलं त्याला नवा नळ?"

"हो."

"ज्यानं नाही चोरलं त्याला?"

"बदली योजना आहे अगं. आपल्याकडं बदलायला काही नाही."

सून पाठ टेकून बसली होती. तिचे पाय सुजले होते. घोट्यावर बोट दाबलं की खळगा तसाच राहायचा. काकू तो खळगा बघत होती.

"दोन मुठी फक्की," काकू म्हणाली. "बत्तीस पावलं. कोण विचारतंय तुम्हाला?"

"खणतील ना ते. खाली काय निघेल?"

"माती निघेल. माती बघून तो पोरगा साहेब 'असू दे, टाका इथंही' म्हणेल. गोड आहे बोलायला."

"त्यानं डोळे मिटून खणायला घेतलंय. माझ्या शब्दावर."

"तुमच्या शब्दावर गाव पाणी प्यायलं," काकू म्हणाली. "माझा गुडघा काय प्यायला?"

काका भाकरीचा तुकडा मोडत राहिले. तो आधीच मोडलेला होता.

चौथ्या दिवशी सकाळी पाणी सोडून ते परतत होते तेव्हा उताराच्या गल्लीतून टिकावांचे आवाज आले. त्या गल्लीत गडी दुपारी यायचे होते. काकांनी पाय उचलला. टोकाच्या नळापाशी त्यांना रेघ दिसली आणि ते जागीच थांबले.

त्यांची रेघ नळापाशी संपत होती. पुढं दुसरी सुरू होत होती. भाजीवर मीठ टाकावं तशी चिमटी चिमटीनं टाकलेली, मध्येच जाड, मध्येच नाही. ती बत्तीस पावलं उतरून त्यांच्या दारात, स्वयंपाकघराच्या पायरीपाशी गेली होती. आणि शेवटी एक छोटा गोल होता. नीट, निगुतीनं काढलेला. हंडा ठेवायची जागा.

चार गडी रेघेवर ओळीनं उभे राहून खणत होते. उन्हं वर आली होती. त्यांच्या पाठीवरचे सदरे ओले होऊन चिकटले होते. चर गुडघाभर झाला, मांडीभर झाला. गल्लीत माणसं जमली, साहेबही आले. चर कमरेला लागला तेव्हा मुकादमानं टिकाव खाली ठेवला आणि घाम पुसत म्हणाला, "साहेब, ही माती कोणी कधी उकरलेलीच नाही. आईच्या पोटातली माती आहे."

साहेबांनी टोपी काढली. "काका, ही रेघ तुमची?"

काकू दारात उभी होती. तिचे हात मनगटापर्यंत पांढरे होते. काकांनी तिच्याकडे बघितलं, तिनं मागं सरून दाराजवळच्या बादलीत दोन्ही हात बुडवले. सकाळी सुनेनं आणलेलं पाणी होतं ते. दुधासारखं पांढरं झालं.

"माझीच," काका म्हणाले.

"आणि हा गोल?"

"तो... हंडा ठेवायला."

कोणीतरी फिस्सकन हसलं. मग सगळी गल्ली हसली. साहेब मात्र हसले नाहीत. त्यांना खरंच वाईट वाटलेलं दिसत होतं, आणि काकांना तेच जास्त लागलं.

"काका, तुम्हीसुद्धा?" शिंपी म्हणाला. त्याच्या आवाजात पंधरा वर्षांचा नळ होता.

"माणसानं विश्वास ठेवायचा कोणावर?" गिरणीवाली म्हणाली.

मास्तरांनी चष्मा काढून पुसला. आता प्रामाणिकपणाच्या तासाला त्यांना ताजं उदाहरण मिळालं होतं.

समिती त्याच दुपारी बसली. सात जणांची समिती, सात जणांचे मिळून नऊ चोरनळ, आता सगळे कायम झालेले. अध्यक्ष उभे राहिले. "खोटी रेघ," ते म्हणाले. "गावाच्या पाण्यावर खोटी रेघ! उद्या लोक आपल्याकडं बोट दाखवतील." ठराव एकमतानं झाला. चावी टेबलावर ठेवा, नमस्कार. आणि दारातला तो चर ज्याचा त्यानं बुजवावा.

काकांनी चावी टेबलावर ठेवली. ती लांब होती, घरंगळली. अध्यक्षांच्या मेहुण्यानं चटकन पकडली. पुढचं काम त्यालाच मिळणार होतं, त्यामुळे त्याचं लक्ष होतं. घरी जाताना काका एका अंगाला कलून चालत होते. तीस वर्षं चावीच्या वजनाला तोलून धरायची सवय खांद्याला लागली होती, आणि वजन काढलं हे खांद्याला कोणी सांगितलं नव्हतं.

काकू पायरीवर बसली होती. "सांगायचं होतं, बायकोनं केलं म्हणून," ती म्हणाली.

"मग तुला हसले असते."

"मला हसले तर काय, माझी चावी थोडीच जाणार होती?"

काकूनं बादलीतलं पांढरं पाणी चरात ओतलं. सून रिकामा हंडा घेऊन उठली, कारण ती एक खेप वाया गेली होती.

गावात काळा पाइप पडला. एकशे त्रेपन्न चकचकीत तोट्या बसल्या. साहेब पुढच्या गावी गेले. उकरलेले जुने बिडाचे पाइप आणि चोरफाट्यांचे बारीक गंजके तुकडे ठेकेदाराच्या ट्रकची वाट बघत टोकाच्या नळापाशी ढिगानं पडले. ट्रक उद्या येणार होता. तीन आठवडे तो उद्याच येत होता.

काकांनी चर बुजवला नाही. त्यांनी त्याच्यावर फळी टाकली. सून हंडा घेऊन फळीवरून यायची तेव्हा फळी मधोमध वाकायची. काकू आता पावलं मोजायची नाही, डोळे मिटून घ्यायची.

मेहुण्याला सकाळी दुसरीही कामं असत. तो झाकण उचलायचा, चावी टाकायचा आणि गरागरा सगळे फेरे एकदम देऊन मोकळा व्हायचा. काकांना घरात बसून ते ऐकू यायचं. जमिनीखालून कोणीतरी दचकून उठल्यासारखा दणका. दर दणक्याला ते पायाचा अंगठा आवळायचे. पंधराव्या दिवशी वरच्या आळीचं पाणी बंद पडलं. मेहुण्यानं पाच ठिकाणी खणलं आणि पाच ठिकाणी खड्डे सापडले.

सोळाव्या दिवशी अध्यक्ष स्वतः आले. फळीवरून येताना त्यांनी एकदा खाली बघितलं आणि दोन्ही हात पसरले.

"काका, झालं ते झालं," ते अलीकडे आल्यावर म्हणाले. "गावाचं काम आहे. कुठं गळतंय ते जरा काठी लावून सांगा. मोठेपणा दाखवा."

"आणि आमच्या नळाचं?" काकू आतून म्हणाली.

"वहिनी, ते माझ्या हातात असतं तर! नियम आहे हो. जुनं असेल तिथं नवं."

काका उठले. कोपऱ्यातून शिसवी काठी आणली, गल्लीत गेले. टोक जमिनीवर टेकवलं, कान लावला, डोळे मिटले. बराच वेळ तसेच वाकून राहिले. अध्यक्ष एका पायावरून दुसऱ्या पायावर होत होते.

"काय ऐकू येतंय?"

"काही नाही."

"नीट ऐका."

"नीटच ऐकलं." काकांनी कंबर सरळ केली. "तुमच्या वडिलांनी कान तपासून घ्यायला सांगितलं होतं. माझ्याकडून हयगय झाली. आता गेलेत बघा."

अध्यक्षांचा चेहरा लाल झाला. "तो खड्डा," ते म्हणाले, "संध्याकाळच्या आत बुजवा. सूनबाई पडली बिडली तर समितीच्या गळ्यात नको." रागात ते फळी विसरले आणि चराला वळसा घालून, उकिरडा तुडवत गेले.

काकू दारात आली. "खरंच काही ऐकू आलं नाही?"

"सहा ठिकाणी गळतंय. सगळ्यात मोठं त्यांच्याच गोठ्यामागं."

"मग सांगायचं ना."

"सांगून बघितलं होतं एकदा."

दुपारी काका फावडं घेऊन चरात उतरले. दोन घमेली माती ओढली आणि थांबले. वर आले, टोकाच्या नळापाशी गेले, ढिगातले बारीक पाइप उचलून उचलून बघायला लागले. एक मास्तरांच्या न्हाणीतला होता. एक शिंप्याच्या भिंतीखालचा. दोन तुकडे अध्यक्षांच्या गोठ्यातले, तेच सगळ्यात गंजलेले, कारण सगळ्यात जुने. काकांना प्रत्येक तुकडा आवाजावरून माहीत होता. तोंड आज पहिल्यांदा बघत होते.

वरच्या आळीत पाण्यासाठी भांडण लागलं होतं, त्यामुळे गल्लीत बघायला कोणी नव्हतं. काका आणि काकू तुकडे खांद्यावर घेऊन उतरवत राहिले. काकूचा गुडघा दर खेपेला वाजत होता. काकांनी चरात बसून आट्यांवर सुतळी गुंडाळली, एकाला एक तुकडा पिळून बसवला, पान्यानं आवळला. उन्हात लोखंड तापलं होतं, तळहाताला चटके बसत होते. प्रत्येक जोडावरून त्यांनी अंगठा फिरवून बघितला, तीस वर्षं बघत आले तसा. दिवस कलेपर्यंत टोकाच्या नळापासून पायरीच्या गोलापर्यंत सलग पाइप झाला. मग लाकडाच्या दोन खुंट्या तासून त्यांनी पाइपाची दोन्ही तोंडं ठोकून बंद केली, आत माती जाऊ नये म्हणून.

काकू वरून बघत होती. "हे काय? जोडत का नाही?"

"काळ्या पाइपाला जोड तापवून मारतात. त्याचं यंत्र लागतं. ते माझ्याकडं नाही."

"मग हे कशाला पुरताय?"

काकांनी फावडं उचललं. माती पाइपावर पडायला लागली. आधी घणघण वाजली, मग नुसती पडली.

"नवा पाइप पन्नास वर्षं टिकतो म्हणत होते साहेब," ते म्हणाले. "मग परत बदली येईल. त्या वेळी कोणी इथं खणलं तर जुना पाइप सापडेल."

सून टोकाच्या नळाकडे जायला हंडा घेऊन निघाली होती, ती थांबली. पोटावर हात ठेवून म्हणाली, "मामंजी, पन्नास वर्षांनी?"

"हा पोटातला तेव्हा पन्नाशीचा असेल," काका म्हणाले. "त्याला सांगून ठेव, रेघ कुठून मारायची."

सुनेनं मान हलवली. मग हंडा उचलून ती घाईनं चढ चढायला लागली, कारण नळाची वेळ संपत आली होती. फळीची आता गरज नव्हती. पण माती अजून बसली नव्हती, आणि तिचा पाय प्रत्येक पावलाला घोट्यापर्यंत आत जात होता.